शीख नावांचे अर्थ कसे लावायचे? 'ज' निघाला तर 'यशस्वी' चालेल का?

धंतोली_वाचक

शेजारच्या शीख कुटुंबात मुलगी झाली आहे. येत्या रविवारी गुरुद्वारात नाव ठेवणार आहेत. अक्षर आधी कळत नाही, ग्रंथ उघडल्यावरच निघतं, म्हणून काकूंनी ओळखीच्या सगळ्यांना दोन-चार नावं सुचवून ठेवायला सांगितलं आहे. मी 'यशस्वी' म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "ते आमच्याकडे जज्ज्यात जाईल." 'ज्ञानदा' म्हटलं, तर "ते गग्ग्यात." हे गणित मला कळलं नाही.

मग नेटवर याद्या पाहिल्या आणि गोंधळ आणखी वाढला. हरप्रीत म्हणजे 'सगळ्यांवर प्रेम करणारी', मनजीत म्हणजे 'लोकांची मनं जिंकणारी', कौर म्हणजे 'सिंहीण'. यातलं खरं किती? एकच नाव मुलालाही आणि मुलीलाही कसं चालतं? जाणकारांनी जरा विस्तारानं सांगावं. नाव सुचवायचं तर अर्थ कळून सुचवावं म्हणतो.

---

पैंती_अखर

रविवारी आधी अक्षरच लागेल, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

गुरु ग्रंथ साहिबाची १४३० पानं आहेत, पानाला 'अंग' म्हणतात. ग्रंथी (ग्रंथाचं पठण करणारे) ग्रंथ उघडतात आणि डाव्या अंगावर सर्वांत वर जो शबद (पद) असेल तो वाचतात. हाच हुकम, हुकमनामा किंवा वाक. तो शबद मागच्या अंगावर सुरू होऊन इथे आलेला असेल, तर पान मागे उलटून सुरुवातीपासून वाचायचा असतो. त्यामुळे अक्षर उघडलेल्या पानाच्या पहिल्या ओळीचं नसून शबदाच्या पहिल्या ओळीचं धरायचं. मागे बसून मोबाइलवर अंग शोधणारे हमखास इथे चुकतात. 'सोरठि महला ५' असं रागाचं शीर्षक किंवा 'सतिगुर प्रसादि' हे मंगलाचरण अक्षरासाठी मोजत नाहीत. मोजलं असतं, तर निम्म्या पंजाबची नावं 'स'वरूनच सुरू झाली असती.

आता अक्षरांचे गट. गुरमुखीत मूळ ३५ अक्षरं, म्हणून 'पैंती'. पहिली तीन अक्षरं स्वरांची आसनं आहेत, आणि मराठी माणसाची फसगत तिथेच होते. ऊड़ा या अक्षरावर उ, ऊ आणि ओ बसतात. ऐड़ावर अ, आ, ऐ, औ. ईड़ीवर इ, ई आणि ए. म्हणून 'ओंकार' हे नाव उजागर, उत्तम, उपकार यांच्या पंगतीत बसतं, आणि 'एकम', 'एकजोत' ही इंदरजीत, इकबाल यांच्या. आपण 'अ'पासून 'औ'पर्यंत दहा वेगळी घरं मोजतो, तिथे तीनच आहेत.

चौथं अक्षर सस्सा. ग्रंथाच्या मूळ लिपीत 'श' नाही. स खाली बिंदू देऊन श लिहिण्याची पद्धत नंतरची, त्यामुळे 'स' निघाला की शमशेर, शरन ही नावंही मोकळी होतात. तसंच ज आणि नुक्त्याचा ज़. जोरावर हे नाव जज्ज्यातच धरतात. ष, क्ष, ज्ञ, ऋ ही अक्षरंच नाहीत. काकूंनी 'ज्ञानदा'ला गग्ग्यात पाठवलं ते याचसाठी, कारण पंजाबीत तो शब्द 'गिआन' असा लिहितात.

अडतं कधी? ट, ठ, ड, ढ, झ, थ निघाला की. नावं अगदीच नाहीत असं नाही. टहल (म्हणजे सेवा), ठाकर, झंडा, थम्मन ही सगळी जुनी नावं. पण आजच्या मुलीला 'टहल कौर' म्हणायला घरचे कचरतात. अशा वेळी पुढच्या शब्दाचं किंवा पुढच्या ओळीचं अक्षर घेण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. तो निर्णय ग्रंथी आणि घरचे मिळून करतात, पाहुण्यांनी त्यात पडू नये.

विधीबद्दल थोडक्यात: १९४५ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं मान्य केलेल्या रहत मर्यादेत (शिखांची आचारसंहिता) बाराव्या दिवसाची अट नाही. आई आंघोळ करून हिंडू-फिरू लागली की झालं, दिवस मोजायचे नाहीत आणि सोयरसुतकही पाळायचं नाही. 'परमेसरि दिता बंना' यासारखे आनंदाचे शबद, मग हुकम. त्या अक्षरावरून ग्रंथींनी नाव सुचवायचं, संगतीनं (जमलेल्या मंडळींनी) मान्य करायचं, मग ते जाहीर करायचं. नंतर आनंद साहिब या रचनेच्या सहा पौड्या (कडवी), अरदास म्हणजे प्रार्थना, आणि कड़ाह प्रसाद. या प्रसादात कणीक, तूप, साखर समसमान वजनाची, तेव्हा उपाशीपोटी गेलात तरी हरकत नाही.

प्रत्यक्षात ग्रंथी अक्षर सांगतात आणि घरचे पाच मिनिटांत खिशातली यादी काढतात. तुमची नावं त्या यादीत जातील.

---

जुनी_शाई

'यशस्वी' जज्ज्यात का जातं, तर शब्दाच्या सुरुवातीचा 'य' प्राकृतातच 'ज' झाला होता. हे काही पंजाबचं एकट्याचं नाही. आपणही यात्रेची जत्रा केली, योग्याचा जोगी केला, यवाचा जव केला. पंजाबीनं तोच नियम नावांत अधिक नेमानं पाळला, इतकंच.

एकदा ही किल्ली हाती आली की निम्मी नावं ओळखीची वाटू लागतात. जसवंत म्हणजे आपला यशवंत. जोगिंदर म्हणजे योगेंद्र. जोध म्हणजे योद्धा. जोत म्हणजे ज्योत. गुरू गोविंदसिंगांच्या चार साहिबजाद्यांपैकी (मुलांपैकी) दुसऱ्याचं नाव जुझार. संस्कृत 'युध्', प्राकृत 'जुज्झ', तिकडे जुझार आणि इकडे झुंजार. अर्थ लावायला कोश उघडायची गरज नाही.

'क्ष'चा 'ख' होतो: लक्षचा लख, म्हणून लखबीर, लखविंदर. आपला लाख तोच. जोडाक्षरं सोडवली जातात: इंद्रचा इंदर, धर्मचा धरम, स्मरणचं सिमरन. 'धरम-करम' तर आपल्या विदर्भात घरोघरी बोलतात. त्यामुळे सुरिंदर, नरिंदर, महिंदर, रजिंदर, भुपिंदर ही सुरेंद्र, नरेंद्र, महेंद्र, राजेंद्र, भूपेंद्र यांचीच पंजाबी रूपं. नावाच्या शेवटी आलेला हा 'इंदर' म्हणजे स्वर्गातला इंद्रदेव असं समजू नका. तिथे त्याचा अर्थ 'श्रेष्ठ, स्वामी' एवढाच. कुलविंदर, बलविंदर यांतला 'व' हा उच्चार सुकर करायला मधे आलेला, कुल आणि इंदर असंच फोडायचं.

माझं सगळ्यांत आवडतं नाव गुरदित्ता. गुरू हरगोविंदांच्या थोरल्या मुलाचं. 'दित्ता' म्हणजे दिलेला, संस्कृत दत्त. म्हणजे आपला गुरुदत्त! वर आलेल्या 'परमेसरि दिता बंना' मधला 'दिता' तोच. आणि गुरबख्श म्हणजे गुरूनं बक्षीस दिलेला. 'बख्श' फारसी, आणि आपलं 'बक्षीस' त्याच घरचं. गुरदित्ता आणि गुरबख्श यांचा अर्थ जवळजवळ एकच, एकाचं धड संस्कृत घराण्यातलं, दुसऱ्याचं फारसी. शीख नावांत या दोन भाषा अशा शेजारी-शेजारी नांदतात. तेग (तलवार), फतेह, जोरावर, शमशेर, नूर, मेहर (कृपा), दिल, साहिब, हुकम ही सगळी फारसी-अरबी बाजूची. याद्या करणारे सगळं ओढूनताणून संस्कृतात नेतात आणि 'मेहर'चा अर्थ मिहिर म्हणजे सूर्य असा देतात. तसं करू नका.

आणखी एक, ऐकून लिहिणाऱ्यांसाठी. पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ हे शब्दारंभी आपल्यासारखे महाप्राण उच्चारत नाहीत, सूर खाली नेऊन क, च, ट, त, प यांच्या जवळ उच्चारतात. म्हणून भुपिंदर कानाला 'पुपिंदर' आणि धरम 'तरम' वाटतो. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यानं फोनवर ऐकून नाव जुळवलं की घोळ ठरलेलाच. लेखी मागवून घ्यावं.

---

धंतोली_वाचक

फार उपयोगी. म्हणजे 'ज' निघाला तर 'यशस्वी' ऐवजी 'जस'चं काहीतरी सुचवायचं. पण मग 'य'ची नावं नाहीतच का? यादविंदर ऐकलं आहे. आणि दोन तुकडे जोडून अर्थ कसा करायचा ते अजून राहिलं.

---

पैंती_अखर

यय्या अक्षर आहेच, पैंतीच्या शेवटच्या ओळीत. यादविंदर, युवराज तिथलीच. आजकाल 'यश' असंच लिहिणारेही आहेत, मग ते यय्यात जातं. पण बाणीत, म्हणजे ग्रंथातल्या रचनांत, शब्द 'जसु' असा येतो, म्हणून जुन्या वळणाच्या घरात 'जस'च चालतं.

---

गुरमुखी_वर्ग

जोड कशी फोडायची ते सांगतो, कारण नेटवरच्या याद्या नेमक्या तिथेच घसरतात. त्या दोन शब्दांचे अर्थ शब्दकोशातून घेतात आणि शेजारी ठेवून देतात. दोघांमधलं नातं कुठलं, हे बाणी वाचल्याशिवाय कळत नाही.

'हर' पासून पाहा. फारसीत हर म्हणजे 'प्रत्येक', म्हणून 'सगळ्यांवर प्रेम'. पण नावातला हर म्हणजे हरि, आणि ग्रंथात हरि म्हणजे विष्णू हे एकच दैवत नव्हे, तर एकमेव परमेश्वर. हरप्रीत म्हणजे हरीची ओढ असलेली. 'प्रीत' असलेल्या नावांत पहिला तुकडा बहुधा ज्याच्यावर प्रेम करायचं तो असतो: गुरप्रीत, हरप्रीत, नामप्रीत.

मनजीत तर याद्यांनी पारच उलटं केलं आहे. ग्रंथाच्या सुरुवातीच्या जपुजी या रचनेच्या २८ व्या पौडीत 'मनि जीतै जगु जीतु' आहे, मन जिंकलं की जग जिंकलं. म्हणजे स्वतःचं मन, लोकांची मनं नव्हेत. गंमत म्हणजे मनजीत आणि जगजीत ही दोन्ही नावं याच एका ओळीत आहेत, आणि ओळीचा क्रम असा की मनजीत आधी, जगजीत नंतर. जुळ्यांना ही जोडी फार शोभते.

'जीत'चं नातं मात्र प्रत्येक नावात बदलतं. रणजीत, मनजीत यांत पहिला तुकडा जिंकायची गोष्ट आहे. हरजीत, गुरजीत यांत तसं नाही, हरीला कोण जिंकणार? तिथे विजय हरीचा, गुरूचा. 'वाहिगुरू जी की फतेह' म्हणतात तोच भाव. दलजीत आणि दिलजीत यांत एका वेलांटीचा फरक, पण पहिल्यात दळ म्हणजे सैन्य आहे आणि दुसऱ्यात दिल. मराठी टंकणारे दोन्ही 'दिलजीत' करून टाकतात.

'पाल'चंही तसंच. गुरपाल म्हणजे गुरूला पाळणारा नव्हे, गुरूनं पाळलेला. 'लीन' म्हणजे तल्लीन: जसलीन, हरलीन, जपलीन. इथे 'जस' म्हणजे स्वतःचं यश नव्हे, परमेश्वराचं यशोगान. हा फरक लक्षात ठेवला तर 'यशस्वी' आणि 'जसलीन' यांच्यातलं अंतर कळेल. मूळ एकच, पण एकीत यश स्वतःकडे आहे, दुसरीत त्याच्या स्तुतीत स्वतःच हरवून जायचं आहे.

काही फसवे तुकडे:

किरत आणि कीरत. ऱ्हस्व किरत म्हणजे कष्टाचं काम ('किरत करो, नाम जपो, वंड छको' यातलं). दीर्घ कीरत म्हणजे कीर्ती, गुणगान. गुरकीरत हे नाव दुसऱ्यातलं.

करम. संस्कृत कर्मही होतं आणि अरबी करम म्हणजे कृपाही. जपुजीत 'करम खंड' येतो, त्याचा अर्थ बहुतेक टीकाकार कृपेचा प्रांत असा लावतात. करमजीत फोडताना दोन्ही अर्थ मनात असू द्यावेत.

नवनीत. आपण लगेच लोण्याचा गोळा डोळ्यांसमोर आणतो, आणि संस्कृतात तो बरोबरच आहे. पण बाणीत 'नीत' म्हणजे नित्य: 'साहिबु मेरा नीत नवा', माझा साहेब नित्य नवा (अंग ६६०). शीख घरातल्या नवनीतला हा अर्थ जवळचा. ती लोणी आहे असं म्हटलं तरी कुणी रागावणार नाही म्हणा.

तेग आणि तेज. तेगबीर तलवारीचा, तेजबीर तेजाचा. यादीत दोन्हींचा अर्थ 'तेजस्वी' दिसला तर ती यादी बंद करा.

आणि एक जोड कधीच करू नका: मन आणि मुख. गुरमुख हे सुंदर नाव आहे, ज्याचं तोंड गुरूकडे आहे तो. 'मन' आणि 'मुख' हे तुकडेही चांगलेच, म्हणून कुणाला वाटेल मनमुख करावं. पण मनमुख म्हणजे मनाच्या मागे धावणारा, गुरमुखाच्या अगदी उलट. ग्रंथात तो शब्द पानोपानी निंदेच्या अर्थानं येतो. तुकडे जुळवून नाव देणाऱ्या अॅपला हे कळत नाही.

सगळीच नावं जोडाची नसतात. ग्रंथाच्या आरंभीच्या मूलमंत्रातून उचललेली पाहा: सतनाम, निरवैर, निरभै, अकाल. एकेका शब्दाचीही आहेत, सिमरन, सहज, अनहद, मेहर, निहाल. आणि फौजेतून आलेलीही, जरनैल, करनैल. या दोन नावांत बाणी शोधत बसू नका, तो इंग्रजांचा जनरल आणि कर्नल आहे.

मुलगा-मुलगी एकच नाव का, याचं उत्तर यातच आलं. जोत, प्रीत, लीन, सिमरन हे जिवाचे भाव आहेत, त्यांना लिंग नाही. लिंग सांगायचं काम सिंग आणि कौर करतात. तरी वापरात थोडा कल आहे. जसलीन, हरलीन बहुधा मुली, तेगबीर, जुझार बहुधा मुलगे. पण बलबीर कौर, रणजीत कौर ही जुनी, सर्रास नावं आहेत.

---

जरीपटका_चौक

एवढ्या चर्चेत आमच्या भागाचं काहून कुणी बोललं नाही बाप्पा? नागपुरात गुरमुख नावाचा माणूस भेटला की तो शीखच असेल असं नाही. सिंधी घरांतही गुरू नानकांना मानतात, ठिकाण्यात (त्यांच्या देवस्थानात) गुरु ग्रंथ साहिब असतो. गुरमुखदास, नानकराम ही नावं तिथली. सिंग-कौर लावत नाहीत आणि आडनाव बहुधा 'आणी'वर संपते. नुसत्या पहिल्या नावावरून पंथ ठरवू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

जुनी_शाई

बरोबर. आणि उलटंही खरं: सिंग लावणारा प्रत्येक जण शीख नसतो. शिखांत सिंग आलं १६९९ मध्ये, राजपुतांत 'सिंह' त्याच्या आधीपासून होतं.

'कौर म्हणजे सिंहीण' हे मात्र ऐकीव आहे. सिंग म्हणजे सिंह, म्हणून कौर म्हणजे सिंहीण असावी, असा केलेला तर्क. शब्द कुमार, कुंवर, कंवर या मालिकेतला आहे, राजस्थानात बायकांच्या नावांना 'कंवर' लागतं तोच. अर्थ राजपुत्र, राजकन्या असा. एकोणिसाव्या शतकात सदा कौर, जिंद कौर, चंद कौर या नावांनी तो दरबारात दिसतो, आणि प्रत्येक मुलीच्या नावापुढे तो लागलाच पाहिजे हे रहत मर्यादेनं लेखी करून ठेवलं. त्याआधीच्या गुरुघरातल्या स्त्रिया पाहा: बेबे नानकी, माता खीवी, बीबी भानी, माता गुजरी. कौर कुठेच नाही.

नाव बदलणं हा या परंपरेतला मोठा धागा आहे, तोही सांगून टाकतो. दुसरे गुरू मूळचे लहणा. गुरू नानकांनी त्यांना आपलं अंग मानलं, म्हणून अंगद. चौथे गुरू जेठा (थोरला), मग रामदास. नववे गुरू त्यागमल, करतारपूरच्या लढाईतल्या पराक्रमानंतर तेगबहादुर. पहिल्या नावात त्याग आणि दुसऱ्यात तलवार, आणि आयुष्यात दोन्ही खरे ठरले.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांच्या हाकेला जे पंज प्यारे (पाच प्रिय) पुढे आले, त्यांची पहिली नावं तशीच राहिली आणि शेपूट बदललं: दयाराम, धरमदास, हिंमत राय, मोहकम चंद, साहिब चंद यांचे दयासिंग, धरमसिंग, हिंमतसिंग, मोहकमसिंग, साहिबसिंग झाले. पाच जण पाच वेगळ्या जाती-व्यवसायांतले. पाचही जणांना एकच शेपूट लावून नावापुरता तरी तो भेद मिटवला. लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणी भरणारा, द्वारकेचा शिंपी आणि बिदरचा न्हावी. बिदर म्हणजे आपल्या लातूर-नांदेडच्या शेजारचं. नांदेडलाच १७०८ मध्ये माधोदास बैरागी गुरू गोविंदसिंगांना भेटला आणि पुढे बंदा सिंग बहादुर झाला. त्याचं जन्मनाव लछमन देव, म्हणजे एका आयुष्यात तीन नावं.

पुढे जाती मागल्या दारानं परत आल्या ते वेगळं. बेदी, सोढी, भल्ला, त्रेहन ही गुरूंचीच खत्री कुळं, संधू, गिल, ढिल्लों ही जाट गोत्रं. मजीठिया, अहलुवालिया ही गावांवरून आलेली, आपल्या 'कर' लावण्यासारखी: मजीठाचे मजीठिया, आहलूचे अहलुवालिया. काही जण आडनाव मुद्दाम गाळतात आणि सिंग-कौरवरच थांबतात. मला विचाराल तर तेच मूळ कल्पनेला धरून आहे.

---

फॉर्म_भरणारा

अर्थ झाले, आता महानगरपालिकेच्या खिडकीकडे या. सुंदर नाव इथे येऊनच बिघडतं.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते आणि नाव नंतर भरता येतं, पहिल्या १२ महिन्यांत त्याला विलंबशुल्क नाही. म्हणून नामकरणाची घाई नोंदणीसाठी करू नये. पण नाव भरताना घाई अजिबात नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा मुख्य पुरावा जन्मदाखलाच आहे. त्यावरचं एक अक्षर पुढे शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे मागे लागतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदांवर असं लिहायचं: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आता शीख घरात हे बसवून पाहा. बाळ जसलीन, आई हरप्रीत, वडील गुरप्रीत, आडनाव संधू. 'जसलीन हरप्रीत गुरप्रीत संधू' या ओळीत कौर कुठे, सिंग कुठे, आणि आई कोण, वडील कोण? नुसतं वाचून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून सिंग आणि कौर त्या-त्या नावाला जोडूनच लिहावं: जसलीनकौर हरप्रीतकौर गुरप्रीतसिंग संधू. मराठी कागदांवर जोडून लिहायची रीत जुनी आहे, नांदेडकडे तर सर्रास. मात्र आईवडिलांच्या आधारवर ते सुटं असेल तर तेच रूप ठेवा, दोन कागदांत जोड-तोड जुळली नाही की प्रतिज्ञापत्राचा फेरा लागतो.

आडनाव लावतच नसतील, तर दोन वाटा. मुलीचं आडनाव 'कौर' लिहायचं, किंवा वडिलांचं 'सिंग' कुटुंबाचं आडनाव म्हणून चालवायचं. दुसऱ्या वाटेनं मुलगी 'जसलीनकौर सिंग' होते, म्हणजे दोन्ही शेपटं एकीलाच. चूक नाही, पण विचित्र दिसतं. पहिल्या वाटेनं बहीण कौर, भाऊ सिंग, आणि परदेशातल्या खिडकीवर हे एका कुटुंबातले कसे, असा प्रश्न येतो. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यानं तर २००७ पर्यंत नुसतं सिंग किंवा कौर आडनाव असलेल्यांना दुसरं आडनाव लावा म्हणून सांगितलं होतं, गदारोळ झाल्यावर सोडलं. कुठलीही वाट घ्या, पण आडनावाचा रकाना कोरा ठेवू नका.

शेवटचं: सिंग, सिंह की सिंघ? गुरमुखीत 'सिंघ' लिहितात, मराठीत 'सिंग' रुळलं आहे, हिंदी फॉर्मवर 'सिंह' येतं. जे आईवडिलांच्या कागदावर आहे तेच. इंग्रजी रकान्यात प्रीत, दीप, जीत, मीत यांतली 'ई' दोन 'ई' अक्षरांनी लिहायची की एका 'आय'नं, हे एकदाच ठरवून कागदावर लिहून न्या. खिडकीवर विचारलं की माणूस जे सुचेल ते सांगतो, आणि भावंडांची स्पेलिंगं दोन होतात.

---

धंतोली_वाचक

सगळ्यांचे आभार. माझी यादी अशी ठरवली: ज निघाला तर जसलीन, स निघाला तर सहज किंवा सिमरन, ऊड़ा निघाला तर ओंकारप्रीत, ईड़ी निघाली तर एकजोत, न निघाला तर नवनीत, आणि ग निघाला तर ज्ञानप्रीत. शेवटचं चालेल ना?

---

गुरमुखी_वर्ग

चालेल, 'गिआन' हा तुकडा नावांत जुनाच आहे. पण यादीत 'ज्ञानप्रीत' लिहून देऊ नका. ग्रंथी 'ज्ञ' पाहून गग्गा मानतील की नाही हा एक भाग. दुसरा असा की उद्या तेच अक्षर जन्मदाखल्यावर गेलं तर नागपुरात शाळेतल्या बाई तिला 'द्न्यानप्रीत' म्हणतील आणि घरी आजी 'गिआनप्रीत'. लिहितानाच 'ग्यानप्रीत' लिहा.

---

पैंती_अखर

आणि 'ग'ला एकच नाव ठेवू नका. गुर- पासून सुरू होणारी सगळी नावं तिथेच आहेत, घरचे बहुधा त्यांतलंच एखादं उचलतील. 'ह' आणि 'म' ला तुम्ही एकही नाव ठेवलेलं नाही. हरलीन आणि मेहर जोडून टाका.